पाण्याच्या हिशेबांचा सांधा

शेतीच्या धंद्यांत पाण्याइतकी मोलाची वस्तु दुसरी नाहीं, आणि पाण्याइतका अर्धवट हिशेबही दुसऱ्या कोणत्या वस्तूचा ठेविला जात नाहीं, असें म्हटल्यास ती अतिशयोक्ति होणार नाहीं. हिशेब मुळींच ठेवीत नाहींत असें नव्हे. उलट वह्या पुष्कळ आहेत. आकाशांतून पडणारें पाणी हवामान खातें मोजतें. धरणांतलें व कालव्यांतलें जलसंपदा विभाग मोजतो. विहिरींतलें भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा मोजते. पिकास किती लागेल हें कृषि विद्यापीठें सांगतात. प्रत्येक वही आपापल्या परी नीटही असेल. परंतु एका वहींतून खर्ची पडलेलें पाणी दुसऱ्या वहींत त्याच आंकड्यानें जमेस येतें कीं नाहीं, हें पाहण्याचें काम कोणाकडेच नसतें. पाणी तर खात्यांच्या सीमा पाळीत नाहीं. तें पावसांतून जमिनींत, जमिनींतून विहिरींत, विहिरींतून पिकांत आणि उरलेलें ओढ्यावाटें पुन्हा नदींत, असें अखंड फिरत असतें. वस्तु अखंड आणि हिशेब तुटक, या विसंगतीचा भार अखेर शेतकऱ्यावर पडतो. या वह्या एकमेकींस जोडण्याचा जो उद्योग गेलीं वीस-पंचवीस वर्षें युरोप-अमेरिकेंत चालला आहे, त्याची माहिती आमच्या वाचकांस करून द्यावी व त्याविषयीं आमचें मत सांगावें, असें आम्ही योजिलें आहे.

हल्लीं हे हिशेब हातानें होत नाहींत, संगणकावर होतात. हिशेब करणाऱ्या आज्ञावलीस मॉडेल म्हणतात; आम्ही येथें प्रतिमान हा शब्द योजूं. पाणी कसें वागतें याचे नियम गणिताच्या भाषेंत मांडावयाचे, आणि आज अमुक स्थिति असतां उद्यां काय होईल, परवां काय होईल, हें पावलापावलानें काढावयाचें, हें प्रतिमानाचें काम. भूजलाचें सर्वांत प्रसिद्ध प्रतिमान म्हणजे अमेरिकेच्या भूगर्भ-सर्वेक्षण खात्यानें १९८४ सालीं प्रसिद्ध केलेलें ‘मॉडफ्लो’. पाऊस, माती, पीक व पाणलोटांतून वाहून जाणारें पाणी यांचा मेळ घालणारें ‘स्वॅट’ हें त्याच देशाच्या कृषि खात्यांतील जेफ अर्नोल्ड व त्यांचे सहकारी यांनीं तयार केलें. नदीच्या पुराची पातळी काढणारीं प्रतिमानें याहून निराळीं, धरणांतून किती पाणी केव्हां सोडावें हें सांगणारीं त्याहून निराळीं. प्रत्येक प्रतिमान त्या त्या विषयाच्या जाणत्यांनीं वर्षानुवर्षें घडविलेलें आहे. पण आपल्या विषयाच्या कडेपाशीं आल्यावर प्रत्येक जण थांबतो आणि पलीकडचें गृहीत धरतो. भूजलाचें प्रतिमान नदीची पातळी कोणी सांगितली म्हणून मान्य करतें. नदीचें प्रतिमान जमिनींतून झिरपून येणारें पाणी तसेंच मान्य करतें. जेथें एकाचें गणित संपतें व दुसऱ्याचें सुरू होतें, नेमक्या त्याच ठिकाणीं आपलें शेत व आपली विहीर असते.

यांतून काय घडतें हें एका काल्पनिक उदाहरणानें स्पष्ट होईल. एका कालव्यांत १०० भाग पाणी सोडलें असें समजा. त्यांतील ३० भाग वाटेंत मुरले व ७० भाग शेतांपर्यंत पोंचले. मुरलेल्या ३० भागांपैकीं २० भाग लाभक्षेत्रांतील विहिरींत उतरले. कालव्याच्या वहींत ते ३० भाग ‘तूट’ म्हणून लिहिले जातात. भूजलाच्या वहींत त्यांतलेच २० भाग ‘जमा’ म्हणून. येथवर कांहीं बिघडत नाहीं. पुढें कालव्यास अस्तर करावयाचें ठरतें. कालव्याचा हिशेबनीस लिहितो कीं, ३० भाग पाणी वांचलें, तें आतां शेवटच्या टोकाच्या गांवांस देतां येईल. भूजलाच्या वहींत मात्र जुने २० भाग तसेच जमेस राहतात. कारण अस्तराची वार्ता त्या वहीस कोणी कळविलेलीच नसते. म्हणजे तेच २० भाग एकदां टोकाच्या गांवास आणि एकदां विहीरवाल्यास, असे दोनदां देऊं केले गेले. कागदावर १२० भाग, प्रत्यक्षांत १००. खरी बचत होती ती फार तर १० भागांची; बाकीचें पाणी वांचलेलें नसून एकाच्या मोटेंतून काढून दुसऱ्याच्या पाटांत घातलेलें आहे. तसें करणें न्याय्यही असूं शकेल. टोकाच्या शेतकऱ्याचा हक्क आम्ही कमी लेखीत नाहीं. पण ज्याचें काढलें त्यास कळवून काढावें, आणि ज्यास दिलें त्यास खरा आंकडा सांगून द्यावें, एवढें तरी हिशेबानें केलें पाहिजे.

असा प्रसंग जगांत घडूनही गेला आहे. अमेरिकेंतील ऑल-अमेरिकन कालवा कोलोरॅडो नदीचें पाणी कॅलिफोर्नियाच्या इंपीरियल खोऱ्यांतील शेतीस नेतो आणि बरेंच अंतर मेक्सिकोच्या सरहद्दीच्या कडेनें वाहतो. त्याच्या कच्च्या पात्रांतून मुरणारें पाणी सरहद्दीखालून मेक्सिकाली खोऱ्यांतील विहिरींस मिळत असे व त्यावर तेथील शेती पोसली होती. या कालव्याचा २३ मैलांचा भाग अस्तर करून नव्यानें बांधण्यांत आला. वर्षास ६७,७०० एकर-फूट, म्हणजे आपल्याकडील मापांत जवळजवळ ३ टीएमसी, पाणी वांचेल असा त्याचा हिशेब होता. मेक्सिकालीकडील लोकांनीं व त्यांच्या बाजूच्या संस्थांनीं अमेरिकेच्या न्यायालयांत दाद मागितली. परंतु २००६ च्या डिसेंबरांत अमेरिकेच्या कायदेमंडळानें हें काम विनाविलंब व्हावें असा कायदा केला, आणि २००७ सालीं दावा निकालांत निघाला. मुरणारें पाणी कोठें जातें हें येथें कोणास ठाऊक नव्हतें असें नाहीं. पण एका वहींतील बचत हीच दुसऱ्या वहींतील बूड होय, हें एकाच मेजावर मांडून निर्णय घेणारा कोणी नव्हता. सरहद्द दोन राष्ट्रांची होती म्हणून ही गोष्ट जगास दिसली. दोन खात्यांमधली सरहद्द नकाशावर दिसत नाहीं, म्हणून तेथील नुकसानीची कोठें वाच्यता होत नाहीं, एवढाच फरक.

ही अडचण तज्ज्ञांच्या ध्यानीं आली नव्हती असें नव्हे. त्यांनीं प्रथम केलेला उपाय म्हणजे दोन आज्ञावल्या उसवून एकत्र शिवणें. अमेरिकेच्या भूगर्भ-सर्वेक्षणानें २००८ सालीं पाणलोटाचें एक प्रतिमान व मॉडफ्लो यांचें असें शिवलेलें ‘जीएसफ्लो’ प्रसिद्ध केलें, व तें उपयुक्तही ठरलें. परंतु शिवणीचा दोष असा कीं, दोहोंपैकीं एका कापडांत सुधारणा झाली म्हणजे शिवण पुन्हा उसवावी लागते. शिवाय तिसरें-चौथें कापड जोडावयाचें झाल्यास प्रत्येक जोडीस नवी शिवण घालावी लागते. ४ प्रतिमानांच्या ६ जोड्या होतात, १० प्रतिमानांच्या ४५. एवढें शिवणकाम कोणी किती दिवस करावें?

दुसरा उपाय अधिक शहाणपणाचा आहे. प्रतिमानांच्या पोटांत हात न घालतां, प्रत्येकाच्या कडेस एकाच मापाचा सांधा बसवावयाचा. आमच्या वाचकांस याचें मर्म समजण्यास दूर जावें लागणार नाहीं. ट्रॅक्टर एका कारखान्याचा असतो, नांगर दुसऱ्याचा, आणि पेरणीयंत्र तालुक्याच्या गांवीं झालेलें असतें. तरी तीं एकमेकांस बिनबोभाट लागतात. कारण मागील तीन बिंदूंच्या जोडणीचीं मापें सर्वांनीं एकच मानलीं आहेत. नांगराच्या फाळाचें पोलाद कसें तावलें हें ट्रॅक्टरास कळावें लागत नाहीं, व ट्रॅक्टरच्या इंजिनाची रचना नांगर करणाऱ्यास विचारावी लागत नाहीं. जोडणीपुरतें एकमत पुरतें.

पाण्याच्या प्रतिमानांसाठीं असें एकमत घडविण्याचा मोठा प्रयत्न युरोपांत झाला. २००० सालीं युरोपीय संघानें पाण्याविषयीं एक चौकट ठरवून दिली व नदीचें संपूर्ण खोरें हेंच कारभाराचें एकक मानावें असें सर्व सभासद-राष्ट्रांस बंधन घातलें. संपूर्ण खोऱ्याचा विचार करावयाचा तर खोऱ्यांतील सर्व प्रतिमानें एकत्र चालविणें आलें. तेव्हां डेन्मार्क, हॉलंड व इंग्लंड येथील, एरवीं एकमेकींशीं स्पर्धा करणाऱ्या संस्था युरोपीय आयोगाच्या पैशानें एकत्र बसल्या व त्यांनीं ‘ओपन-एमआय’ या नांवाचा सामाईक सांधा ठरविला. बेल्जम-हॉलंडकडील शेल्ट नदीच्या व ग्रीसमधील थेसाली प्रांतांतल्या पिनिऑस नदीच्या खोऱ्यांत त्याचे प्रयोग झाले. २०१० सालीं त्याची दुसरी आवृत्ति निघाली, आणि २०१४ सालीं भौगोलिक माहितीचीं प्रमाणें ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळानें तिला प्रमाण म्हणून मान्यता दिली. अमेरिकेंत कोलोरॅडो विद्यापीठांत २००७ सालीं स्थापन झालेल्या एका शास्त्रीय मंडळानें याहून सुटसुटीत असा ‘बीएमआय’ हा सांधा तयार केला. त्याचें वर्णन २०१३ सालीं प्रसिद्ध झालें. मॉडफ्लोच्या सहाव्या आवृत्तीस त्याच धर्तीचा सांधा बसविलेला आहे, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय जल-प्रतिमानाच्या पुढील आवृत्तीची उभारणीही याच सांध्यावर योजिलेली आहे.

हा सांधा म्हणजे थोडक्यांत कांहीं ठराविक आज्ञा होत, ज्या प्रत्येक प्रतिमानानें ऐकल्याच पाहिजेत. सिद्ध हो, एक पाऊल पुढें चल, अमुक राशीची किंमत सांग, अमुक राशीची ही किंमत घे, तुझा आंकडा कोणत्या मापांत आहे तें सांग, आतां आटोप. एवढ्या भाषेवर सर्व व्यवहार चालतो. नदीचें प्रतिमान एका दिवसाचें पाऊल टाकतें व आपली पातळी सांगतें. भूजलाचें प्रतिमान ती घेतें, त्या पातळीस नदींतून जमिनींत किती पाणी उतरेल तें काढतें व आंकडा परत करतें. नदी तेवढें पाणी आपल्या खर्चीं टाकते, आणि मग दोघें पुढील दिवसाचें पाऊल उचलतात. आमच्या मतें या सर्व खटाटोपाचें सार एका गोष्टींत आहे. एकाच्या खर्चीं पडलेला आंकडा तोच, त्याच दिवशीं, दुसऱ्याच्या जमेस पडतो. सावकाराच्या पेढीवर जो नियम शेंकडों वर्षें पाळला जातो, तो पाण्याच्या कचेरींत आतां कोठें येऊं लागला आहे.

हॉलंडचें उदाहरण या बाबतींत विशेष बोलकें आहे. त्या देशांत पाण्याचें शास्त्र इतकें पुढारलेलें कीं, एकाच प्रश्नावर निरनिराळ्या संस्थांचीं प्रतिमानें निरनिराळीं उत्तरें देत, आणि चर्चा पाण्याची न होतां प्रतिमानांचीच होई. तेव्हां तेथील संस्थांनीं सर्वांस मान्य असें एक संयुक्त साधन उभारलें. त्यांत भूजलासाठीं मॉडफ्लो, मुळांच्या थरांतील ओलाव्यासाठीं दुसरें, स्थानिक चाऱ्या-कालव्यांसाठीं तिसरें व मोठ्या नद्यांच्या वाटपासाठीं चौथें, अशीं प्रतिमानें जोडलेलीं आहेत. आणि सबंध देश २५० मीटरच्या चौकोनांत मांडलेला आहे. दुष्काळांत पाणी कोणास किती द्यावें याविषयीं तेथेंही वाद होतातच. पण वाद करणारे एकाच वहीवर बोट ठेवून वाद करतात, हा लाभ लहान नव्हे.

आतां या गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कारण नवें साधन आलें कीं त्याची आरती ओवाळणारे पुष्कळ निघतात. सांधा बसला म्हणजे हिशेब जुळला असें मुळींच नव्हे. पहिली अडचण मापांची. आपल्याकडे पूर्वीं पायलीचें माप गांवोगांव वेगळें असे; पाण्याची स्थिति आजही तशीच आहे. धरण टीएमसींत वा दशलक्ष घनमीटरांत बोलतें, कालवा क्युसेकमध्यें, भूजल हेक्टर-मीटरांत, आणि पाऊस मिलिमीटरांत. १ टीएमसी म्हणजे २८.३२ दशलक्ष घनमीटर, हें रूपांतर एखाद्या सांध्यावर विसरलें तर पुढचें सर्व गणित बिनतक्रार चालतें आणि सर्वच्या सर्व खोटें निघतें. १९९९ सालीं मंगळाकडे गेलेलें अमेरिकेचें एक यान याच कारणानें गमावलें गेलें. एक आज्ञावली पौंडांच्या मापांत आंकडे देत होती, व दुसरी ते न्यूटनांचे समजून घेत होती. जेथें असे कसलेले लोक चुकले, तेथें आपण गाफील राहून चालणार नाहीं.

दुसरी अडचण शब्दार्थाची, व ती अधिक खोल आहे. ‘मुरलेलें पाणी’ म्हणजे कोणतें? मुळांच्या थराखालीं उतरलेलें, कीं विहिरीच्या पाण्यास जाऊन मिळालेलें? आपल्या काळ्या पाषाणाच्या प्रदेशांत या दोहोंमध्यें बराच काळ जाऊं शकतो, आणि कांहीं पाणी मधल्यामध्यें आडवें वाहून ओढ्यास लागतें. एका प्रतिमानानें पहिला अर्थ धरला व दुसऱ्यानें दुसरा, तर सांध्यावर आंकडा जुळेल पण पाणी जुळणार नाहीं. तसेंच पिकांच्या पानांवाटें उडून जाणारें पाणी पिकाचें प्रतिमानही वजा करतें आणि उथळ भूजलाचें प्रतिमानही वजा करूं शकतें; दोघांनीं तें केलें तर एकच खर्च दोनदां पडतो. तिसरी अडचण काळाची व जागेची. कालव्याचा हिशेब दिवसाचा व चारीचा, भूजलाचा हंगामाचा व पाणलोटाचा, आणि आपल्या सातबाराचा गांवाचा व गटाचा. हीं सर्व एका पातळीवर आणण्याचें काम सांधा आपोआप करीत नाहीं. तें विषय जाणणाऱ्या माणसानेंच बसून करावें लागतें.

कोणी म्हणेल, मूळ आंकडेच जेथें खोटे, तेथें खोट्याला खोटें जोडून काय साधणार? आक्षेप रास्त आहे. दोन चुका एकमेकींस झांकून टाकतात व बेरीज बरोबर दिसते, असेंही घडतें. परंतु सुट्या वहींतील खोटा आंकडा कधींच उघडा पडत नाहीं, कारण त्यास ताडून पाहणारें कोणी नसतें. जोडलेल्या वहींत तोच आंकडा शेजारच्या हिशेबांत जाऊन आदळतो, आणि विहिरींची मोजलेली पातळी हाताशीं असेल तर बहुधा पकडला जातो. खर्चाचाही आक्षेप घेण्यांत येईल. पण हे सांधे कोणाच्या मालकीचे नाहींत. ते सर्वांस मोफत खुले आहेत. खर्च आहे तो एकदां सांधा बसविण्याच्या श्रमाचा, आणि थोडा संगणकाच्या वेळेचा. आमच्या मतें खरी अडचण खर्चाची नसून मनाची आहे. आपला हिशेब दुसऱ्या खात्यानें तपासावा, हें कोणत्याच खात्यास रुचत नाहीं.

आपल्या प्रांतापुरतें बोलावयाचें तर ही गोष्ट लांबणीवर टाकण्याजोगी राहिलेली नाहीं. आपल्या देशांत भूजलाचा अंदाज ज्या पद्धतीनें करतात, त्या २०१५ सालच्या पद्धतींत कालव्यांतून मुरणारें व सिंचनानंतर जमिनींत परत उतरणारें पाणी भूजलाच्या जमेस धरलेलें आहे. इकडे उघड्या पाटचाऱ्यांऐवजीं बंद नळांतून पाणी देण्याकडे व ठिबकाकडे सरकारचा ओढा आहे. या सुधारणांस आमचा विरोध नाहीं. पण जी गळती थांबविण्यासाठीं नळ टाकावयाचे, तीच गळती विहिरींच्या जमेस कायम ठेवून नवे पंप व नव्या बागा मंजूर होत असतील, तर वर उदाहरणांत दाखविलेले २० भाग आपल्याच गांवचे आहेत असें समजावें.

पुराचाही प्रश्न असाच आहे. २०१९ च्या ऑगस्टांत व २०२१ च्या जुलैंत कृष्णा-पंचगंगेच्या पुरानें सांगली-कोल्हापूरकडील पिकांची जी दैना केली, ती वाचकांस सांगावयास नको. वरच्या अंगास महाराष्ट्रांतील धरणें, खालीं कर्नाटकांतील अलमट्टी. कोणीं केव्हां किती पाणी सोडलें वा अडविलें, यावर दोन्ही राज्यांत वाद आहे, व तो येथें सोडविण्याचा आमचा हेतु नाहीं. पण ज्या दोन पक्षांचा एकमेकांवर पुरता विश्वास नाहीं त्यांच्यासाठींच हा सांधा विशेष कामाचा आहे, हें आम्ही आग्रहानें सांगतों. प्रत्येकानें आपलें प्रतिमान आपल्याच कुलपांत ठेवावें. सरहद्दीवरील नदीची पातळी व प्रवाह एवढेच आंकडे ठराविक मापांत, ठराविक वेळीं सांध्यावर द्यावे व घ्यावे. युरोपांत स्पर्धक संस्था ज्या तत्त्वावर एकत्र आल्या तें हेंच.

तेव्हां आमच्या सूचना तीन आहेत. पहिली, सरकारी पैशानें तयार होणाऱ्या पाण्याच्या कोणत्याही प्रतिमानास मान्य असा एक खुला सांधा असलाच पाहिजे, ही अट निविदेंतच घालावी. नंतर ती घालणें दुप्पट खर्चाचें होतें. दुसरी, प्रत्येक सांध्यावरील राशींची यादी, त्यांचीं मापें व शब्दांचे नेमके अर्थ मराठींत छापून प्रसिद्ध करावे. कोणाचा खर्च कोणाच्या जमेस पडला हें गांवच्या शिकलेल्या मुलास वाचून सांगतां आलें पाहिजे. तिसरी सूचना आम्हां शेतकऱ्यांसच आहे. कालव्याचें अस्तर, बंद नळ, नवा बंधारा, यांपैकीं कोणतीही योजना गांवापुढें आली कीं पाणी-वापर संस्थांनीं व ग्रामसभांनीं एकच प्रश्न विचारावा: हें वांचणारें पाणी आज कोणाच्या विहिरींत उतरतें, आणि तें त्याच्या वहींतून वजा केलें आहे काय? प्रश्न विचारतांना हातीं पुरावा असावा, म्हणून प्रत्येक गांवानें निदान पांच-सहा विहिरींची पातळी दर पंधरवड्यास दोरीनें मोजून तारीखवार लिहून ठेवावी. त्यास संगणक लागत नाहीं. पण उद्यां दोन्ही वह्या जोडल्या जातील, तेव्हां त्यांचा सांधा खरा बसला कीं खोटा, हें ठरविणारा साक्षीदार हीच गांवची वही असेल.